गावच्या खाण्यापिण्याचा नकाशा करायचाय, ॲप कोणतं घेऊ? (उत्तर लांब आहे, सवडीनं वाचा)

भाऊ, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. तुम्ही यवतमाळ जिल्ह्यात पंधराएक गावांत बचत गटांसोबत काम करता, आणि तुमचं म्हणणं असं की शिवार चहूकडे हिरवं दिसते पण आठवडी बाजारातली भाजी बाहेरून गाडीनं येते, थंडीत गावातले टमाटर फेकायची पाळी येते आणि उन्हाळ्यात पालकाची जुडी दिसत नाही. म्हणून कोणाच्या वावरात काय आहे याचा नकाशा करायचा, सगळ्यांसाठी खुला ठेवायचा, काम याच मे महिन्यात सुरू करायचं, आणि त्यासाठी ॲप कोणतं, फॉर्ममध्ये काय विचारायचं, डेटा कुठे ठेवायचा हे तुम्ही विचारलं.

ॲपचं आधी सांगून टाकते. माहिती गोळा करायला कोबोटूलबॉक्स घ्या, मराठीत फॉर्म होतो, नेटवर्क नसलं तरी मोबाईलमध्ये भरता येतो आणि रेंज आली की वर जातो. जे सार्वजनिक आहे ते ओपनस्ट्रीटमॅप या सगळ्यांना खुल्या नकाशावर टाका. नकाशा जुळवायला, छापायला क्यूजीआयएस. तिन्ही वापरायला पैसे लागत नाहीत, कोबोच्या मोफत खात्याला काही मर्यादा आहेत पण पंधरा गावांचं काम त्यात बसते. यापेक्षा दुसरं काही येत असेल तर तेही चालेल, कारण खरी अडचण ॲपमध्ये नाहीच.

मला तुमच्या प्रश्नात खरी अडचण वेगळी दिसते. नकाशा तयार झाल्यावर कोण, कोणत्या दिवशी, कोणता निर्णय वेगळा घेणार आहे? हे जर आज सांगता येत नसेल तर नकाशा सुंदर होईल, एखाद्या कार्यशाळेत दाखवला जाईल, आणि बाजारात भाजी तशीच गाडीनं येत राहील. म्हणून मी कोणत्याही गावात बसले की पहिला प्रश्न हाच विचारते. बहुतेक वेळा उत्तरात तीन-चार निर्णय निघतात: कोणत्या बायांनी उन्हाळी भाजी लावायची, कोणत्या बाजाराला माल न्यायचा, शाळेच्या नाहीतर अंगणवाडीच्या खिचडीत गावची भाजी कशी घालायची, किंवा रेशन दुकानापासून लांब पडलेल्या वस्तीचं काय करायचं. यातला एक निवडा आणि तेवढ्यापुरताच नकाशा करा. बाकीचं पुढच्या वर्षी.

आता "कोणाच्या वावरात काय आहे" या प्रश्नाबद्दल. तुमच्याकडे याचं उत्तर मला घरी बसून देता येते: कापूस, सोयाबीन, तूर, आणि ओलीत असलं तर हरभरा-गहू. ते तलाठ्याकडे गाव नमुना १२ मध्ये, म्हणजे सातबाऱ्यातल्या पिकांच्या नोंदीत आहे आणि २०२१ च्या १५ ऑगस्टपासून ई-पीक पाहणी आल्यावर तर मोबाईलवरच भरतात. तेवढं पुन्हा गोळा करण्यात पोरांचे पाय दुखवू नका. जे ताटात पडते ते मात्र या नोंदीत क्वचितच सापडेल. कपाशीच्या ओळीत मध्येच टाकलेली बरबटी (चवळी), धुऱ्यावरची अंबाडी, तुरीच्या कडेला गवार-भेंडी, घरामागच्या सांडपाण्यावरचं दोडक्याचं नाहीतर वालाचं वेल, परसातला शेवगा, हे सगळं बाया लावतात, बायाच तोडतात, आणि फॉर्म घेऊन गेलेला पोरगा ओसरीवर बसलेल्या माणसाला विचारतो तेव्हा तो खरंच "काही नाही, कापूसच आहे" असं सांगतो, त्यात खोटं काही नसते, त्याला तेवढंच माहीत असते. एका बाईनं आम्हाला सांगितलं होतं, "वावरात काय पेरलं ते मालक सांगतीन, पन सैपाकात काय पडते ते आमाले इचारा." तेव्हापासून आमचा नियमच आहे की फॉर्म घरातल्या बाईशी बोलून भरायचा, आणि विचारायचं वावराबद्दल नाही, कालच्या जेवणाबद्दल: काल काय शिजलं, त्यातलं काय घरचं, काय शेजारच्याचं, काय विकतचं, आणि विकतचं कुठून. एवढ्या पाच प्रश्नांतून जे कळते ते चाळीस प्रश्नांच्या फॉर्मातून कळत नाही.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची, तिच्यावर जरा थांबते. नकाशा म्हटलं की आपण "कुठे" याच्या मागे लागतो. आपल्या भागात खाण्याचा प्रश्न जेवढा "कुठे"चा आहे तेवढाच, किंबहुना जास्त, "कधी"चा आहे. वर्ष डोळ्यासमोर आणा. जून-जुलैत घरातला होता नव्हता पैसा बी-खतात जातो, हातात काही नसते, पण त्याच दिवसांत शिवारात तरोटा, केना, चिवळ, घोळ, मग काटवल फुकट असते. पोळ्यापर्यंत ओढाताण. दसरा-दिवाळीच्या आसपास कापूस वेचणी लागते, पैसा येतो, पण त्या वेळी बाया दिवसभर वेचणीला असतात, भाजी तोडायला आणि बाजारात बसायला वेळ कोणाला? डिसेंबर-जानेवारीत वांगी, टमाटर, मेथी, सांभार (कोथिंबीर) इतका की भाव पडतो. आणि मार्च संपला की विहिरी आटतात, हिरवं संपते, मग बटाटे, बेसन, वड्या आणि वरण. हे चक्र नकाशावर दिसत नसेल तर तो नकाशा डिसेंबरात काढला की "भाजी भरपूर आहे" म्हणेल आणि मेमध्ये काढला की "काहीच नाही" म्हणेल, आणि दोन्ही वेळा खरंच बोलेल.

त्यामुळे आम्ही आधी कागदावर बारा महिन्यांचा तक्ता करतो, मराठी महिन्यांचा, शक्यतो नक्षत्रांसह, कारण पेरणीच्या गोष्टी लोक मृग-आर्द्रा असंच सांगतात, जून १५ असं नाही. आडव्या ओळीत महिने, उभ्या ओळीत भाजी, डाळ, धान्य, अंडी-मासोळी, रानातलं, आणि प्रत्येक चौकटीत तीनच खुणा: घरचं, विकतचं, नाहीच. हे बायांच्या बैठकीत, जमिनीवर रांगोळीनं किंवा खडूनं, मोबाईल पिशवीत ठेवून. तासा-दीड तासात होते. त्या तक्त्यात जिथे "नाहीच" सलग दिसते तिथे तुमचा निर्णय लपलेला आहे, आणि मग जागेचा नकाशा फक्त त्या महिन्यांसाठी करायचा.

उदाहरण देते. तुमच्या तक्त्यातलं "नाहीच" उन्हाळी भाजीचं निघालं, आणि तुमच्या लिहिण्यावरून तेच निघेल असं वाटते, तर पंधरा गावांचं सगळं शिवार मोजायची गरजच नाही. फक्त अशा विहिरी, बोअर आणि डोह शोधायचे ज्यांना एप्रिल-मेत पाणी असते. त्यासाठी एक सोपी युक्ती आहे. सेंटिनेल-२ नावाच्या उपग्रहाची चित्रं फुकट मिळतात, दर पाच दिवसांनी नवीन, एक ठिपका दहा मीटरचा. एप्रिलच्या शेवटच्या आठवड्याचं ढग नसलेलं चित्र उघडा, सगळं करडं दिसेल आणि मध्ये मध्ये हिरवे तुकडे. तेवढे तुकडे कागदावर उतरवा आणि तिथेच जा. सावध राहायचं ते असं की संत्र्याची बाग, धुऱ्यावरची मोठी झाडं, नाल्याकाठची झुडपंही हिरवीच दिसतात, वरुड-मोर्शीकडे तर या युक्तीचा उपयोगच नाही, तिथे बागाच बागा. पण कोरडवाहू कापसाच्या पट्ट्यात ती चांगली चालते. मग प्रत्येक विहिरीवर मोबाईलनं फक्त एक ठिपका घ्या, वावराची हद्द काढत फिरू नका. मोकळ्या आभाळाखाली मोबाईलचा जीपीएस पाच-दहा मीटर इकडे-तिकडे दाखवतो, विहीर शोधायला तेवढं पुरे, हद्दीची भांडणं लावायलाही तेवढंच पुरे, म्हणून हद्द नकोच.

विहिरींच्या नकाशावर दुसरा थर आठवडी बाजाराचा. कोणत्या गावात कोणत्या वारी बाजार, तिथे भाजी कोण विकते, माल कुठून येतो, आणि आपल्या विहिरीपासून तिथे जायला सकाळी ऑटो आहे का. हा थर लोक हलक्यात घेतात पण खरं काम हाच करतो. आमच्याकडे दोन गावांतल्या बाया एकाच वाराला एकाच बाजारात माल न्यायच्या आणि दुपारी चारनंतर व्यापाऱ्याला पडेल भावात देऊन परत यायच्या, आणि आठ-दहा किलोमीटरवर दुसऱ्या मोठ्या गावचा बाजार पूर्ण बाहेरच्या भाजीवर चालत होता. दोन्ही गोष्टी सगळ्यांना वेगवेगळ्या माहीत होत्या. एका कागदावर शेजारी आल्या तेव्हा बायांनी स्वतःच वार वाटून घेतले आणि एक ऑटो ठरवला. आम्ही त्यात फक्त कागद भिंतीवर लावला होता.

तिसरा थर ठरावीक गिऱ्हाइकाचा. शाळेच्या पोषण आहारात भाजीचं प्रमाण ठरलेलं आहे, पहिली ते पाचवीला मुलामागे रोज ५० ग्रॅम आणि सहावी ते आठवीला ७५ ग्रॅम. म्हणजे खाली ८० मुलं आणि वर ४० असतील तर ४ किलो आणि ३ किलो, रोजची ७ किलो भाजी. हिशेब छोटा आहे पण गावातल्या दोन-तीन बायांची परसबाग त्यावर उभी राहते. पाच-सहा शाळा, अंगणवाड्या, एखादी आश्रमशाळा यांची पटसंख्या नकाशावर टाकली की कुठे किती लागते ते आपोआप दिसते. दोन गोष्टी मात्र आधी विचारून घ्या. इंधन-भाजीपाल्याचे पैसे प्रत्यक्ष हातात कधी पडतात हे मुख्याध्यापकांना आणि स्वयंपाक करणाऱ्या ताईंना स्पष्ट विचारा, महिनोन् महिने उधारी ओढायची ताकद सगळ्या बायांत नसते. आणि विदर्भात उन्हामुळे शाळा जूनच्या शेवटी उघडते, म्हणजे तुमची उन्हाळी भाजी नेमकी तेव्हा येईल जेव्हा शाळेचं गिऱ्हाईक बंद असते, त्या महिन्यांसाठी बाजार आणि लग्नसराई हेच धरा.

हे सगळं पश्चिम विदर्भाच्या हिशेबानं सांगितलं. भाग बदलला की नकाशातला मालच बदलतो. भंडारा-गोंदियाकडे कोणी विचारलं असतं तर मी विहिरी सोडून माजी मालगुजारी तलाव मोजायला सांगितलं असतं, कोणत्या तलावात कधीपर्यंत पाणी, मासेमारी कोणत्या संस्थेकडे, मासोळी गावात विकते की सरळ बाहेर जाते, धानाच्या बांधीत उतेरा पद्धतीनं, म्हणजे धान उभं असतानाच बी टाकून, लाखोळी-जवस अजून कोण टाकते. गडचिरोलीत जंगल हेच कोठार आहे, मोहफूल, वास्ते (बांबूचे कोंब), सात्या (अळंबी), तिथे खाण्याचा नकाशा वनहक्काच्या नकाशापासून वेगळा करताच येत नाही. मेळघाटात पावसाळ्यात रस्ता तुटला की कोणती गावं किती दिवस बाजाराशिवाय राहतात हाच पहिला थर. तुमच्या पंधरा गावांतही सगळी सारखी नसतील, दोन-तीन जंगलाला लागून असतील तर त्यांचा तक्ता वेगळा करा.

वस्त्यांबद्दल एक सांगायचंच आहे. सरकारी यादीत महसुली गाव असते, पण तुमच्याकडे कोलामांचे पोड (वस्त्या) असतील, तांडे असतील, गोंदियाकडे टोले, मेळघाटात ढाणे. गावाच्या नावावर ठिपका टाकला की तो गावठाणावर पडतो आणि तीन किलोमीटरवरचं पोड नकाशावरून गायब होते. खाण्याचे सगळ्यात जास्त हाल तिथेच असतात, आणि कोलाम ही तर सरकारनंच विशेष असुरक्षित मानलेली जमात आहे. म्हणून पहिल्या दिवशी वस्त्यांची यादी करा, प्रत्येक पोडाला, तांड्याला स्वतःचा नंबर द्या, आणि खुर्द-बुद्रुकचा घोळ टाळायला प्रत्येक गावासमोर जनगणनेचा कोड लिहा. त्यानंतर रेशन दुकान, अंगणवाडी, चक्की यांचं अंतर गावापासून नाही, वस्तीपासून मोजा. अन्न सुरक्षा कायदा २०१३ चा आहे, त्यात अंत्योदय कार्डाला घरामागे ३५ किलो आणि प्राधान्य कुटुंबाला माणशी ५ किलो धान्य आहे, रेशनच्या नोंदी लोकांना खुल्या ठेवायच्या असं कायद्यातच लिहिलं आहे, आणि दुकानावर दक्षता समितीही असायला पाहिजे. धान्य आलं होतं की नाही हे नोंदीत दिसते, पण पोडातली म्हातारी दोनदा पायी येऊन अंगठ्याचं मशीन चालत नाही म्हणून रिकाम्या हातानं परत गेली हे तिथे दिसत नाही. ते तुमच्या नकाशात दिसलं पाहिजे, आणि तो कागद समितीच्या बैठकीत ठेवला पाहिजे.

मोजमापं आणि नावं एकदा ठरवून घ्या, नाहीतर पंधरा गावांचा डेटा एकत्र जुळत नाही. कोणी पायलीत सांगते, कोणी कुडवात, कोणी "दोन टोपले". लोक सांगतात तेच लिहा आणि शेजारी किलोचा रकाना ठेवा, टोपलं एकदा काट्यावर मोजून घ्या म्हणजे झालं. भाज्यांचंही तेच, काटवल आणि कटुले वेगळे पडले, टमाटर आणि भेदरं वेगळे पडले की बेरीज चुकते. फोटोसह एक यादी करा आणि सगळ्या गावांत तीच वापरा.

आता डेटा खुला ठेवण्याबद्दल, इथे मी तुमच्याशी पूर्ण सहमत नाही. सगळंच सगळ्यांना खुलं हे ऐकायला चांगलं वाटते, पण गावात कोणाकडे किती तूर, किती चारोळी अडकून पडली आहे हे व्यापाऱ्याला बाईच्या आधी कळलं तर भाव कोणाच्या बाजूनं ठरेल? आमच्याकडे तीन कप्पे असतात. पहिला सगळ्यांसाठी: बाजाराचे वार, रेशन दुकानं, अंगणवाड्या, सार्वजनिक विहिरी, चक्क्या, दालमिल, रस्ते. हे बिनधास्त ओपनस्ट्रीटमॅपवर टाका, पुढच्या माणसाचे कष्ट वाचतात. दुसरा गावापुरता: कोण काय लावते, किती निघते, कोणाच्या विहिरीला पाणी. तो गटाकडे आणि ग्रामसभेकडे राहतो, बाहेर द्यायचा असेल तर गावानं ठरवायचं, कशासाठी आणि किती दिवस तेही लिहून. तिसरा कप्पा असा की तो गोळाच करायचा नाही. आधार नंबर, कोणत्या घरात चूल पेटली नाही, कोणतं मूल कुपोषित आहे, हे ठिपके नकाशावर येता कामा नये, त्या लेकराचं काम अंगणवाडी ताई आणि आशा ताईंच्या रजिस्टरमध्ये व्हायला पाहिजे.

तिसऱ्या कप्प्यातच दोन गोष्टी अजून येतात ज्या बाहेरून आलेल्या पोरांना सुचत नाहीत. एक, रानभाजीच्या आणि औषधीच्या नेमक्या जागा. काटवलाचं बेट कुठे आहे, मधाचं पोळं कुठे, मुसळी कुठे, हे बायांचं पिढ्यान् पिढ्यांचं ज्ञान आहे, त्याचा जीपीएस ठिपका बाहेर गेला की दोन हंगामात तिथे काही उरत नाही. जैवविविधता कायदा २००२ चा आहे, त्याखाली गावाची लोक जैवविविधता नोंदवही असते, नाव आणि हंगाम तिथे नोंदवा, जागा नको. दोन, जबरानजोतीची, म्हणजे पट्टा नसताना वनजमिनीवर कसलेली वावरं. ज्यांचा वनहक्क दावा अजून मंजूर नाही अशा माणसाच्या वावरावर तुम्ही भलेपणानं "इथे भाजी होते" असा ठिपका टाकाल आणि तो ठिपका उद्या त्याच्याविरुद्ध वापरला जाईल. अशा घरांची नोंद वस्तीच्या पातळीवरच ठेवा.

ठरवायचं गावानं म्हणते तेव्हा लोक विचारतात की हे जमते का. गडचिरोलीतलं मेंढा (लेखा) हे गाव पाहा. २००९ साली त्यांना सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला, आणि त्याच्या कितीतरी आधीपासून तिथे गावाचा अभ्यासगट बसतो, माहिती गोळा करतो, चर्चा करतो आणि मग ग्रामसभा सर्वसहमतीनं निर्णय घेते. तिथे माहिती आणि निर्णय एकाच अंगणात आहेत. तुमचं ॲप कितीही चांगलं असो, माहिती तालुक्याच्या ऑफिसात आणि निर्णय वावरात अशी फारकत झाली की काम थांबते.

म्हणून माहिती परत देण्याचा खर्च पहिल्यापासून धरा. प्रत्येक गावाला मोठ्या कागदावर छापलेला नकाशा, अक्षर मोठं, ग्रामपंचायतीच्या किंवा गट भरतो त्या घराच्या भिंतीवर, आणि ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी बैठकीत मोठ्यानं वाचून. गावागणिक एक ताई ठरवा, उमेदच्या (बचत गटांच्या सरकारी अभियानाच्या) कृषी सखी असतील तर उत्तम, तिला थोडं मानधन द्या, आणि वर्षातून दोनदाच दुरुस्ती करा, पोळा झाल्यावर आणि संक्रांत झाल्यावर. त्यापेक्षा जास्त वेळा मागितलं तर ती मनानंच भरायला लागेल, तिचा दोष नाही त्यात. बाजारभावासारखं रोज बदलणारं नकाशात नको, त्याला गटाचा व्हॉट्सॲप ग्रुप पुरेसा आहे.

थोडक्यात तुमच्या तीन प्रश्नांना: ॲप कोबो, फॉर्म कालच्या जेवणाचा आणि बारा महिन्यांचा, डेटा तीन कप्प्यांत.

तुम्ही मे महिन्यात सुरू करणार म्हणता म्हणून घाई करते आहे. तक्ता, शाळा, रेशन हे सगळं जुलैतही होईल, पण उन्हाळ्यात पाणी कोणत्या विहिरीला आहे हे आत्ताच डोळ्यांनी दिसते. मृगाचा पाऊस पडला की सगळ्याच विहिरींत पाणी दिसेल आणि मग लोक आठवणीवरून सांगतील, त्यात कोणी जास्त सांगते कोणी कमी. तेव्हा बाकीचं राहू द्या, पंधरातली पाच गावं निवडा, या पंधरवड्यात विहिरी फिरून घ्या, दोरीला दगड बांधून पाणी किती हात ते मोजा आणि विहीर कोणाची, पाणी शेजारच्या बाईला द्यायची त्याची तयारी आहे का तेवढं विचारा. मराठीत केलेला विहिरीचा आणि जेवणाचा फॉर्म माझ्याकडे आहे. तुमच्या गावांत पोड किती आणि जंगलाला लागून गावं कोणती ते लिहा, त्याप्रमाणे बदलून इथेच टाकते.